दप्तर नसलेल्या मंडळाची हकीकत

ज्या संस्थेची घटना कोणी लिहिली नाही, जिच्या कार्यकारिणीची निवडणूक कधी झाली नाही, जिच्या सभांचे इतिवृत्त ठेवण्यास चिटणीस नेमला गेला नाही आणि जिचा जमाखर्च त्या त्या दिवशी दिवेलागणीपूर्वीच चुकता होऊन त्याचा कपटाही मागे उरला नाही, अशा संस्थेचा इतिहास लिहून द्यावा अशी आज्ञा स्मरणिकेच्या संपादकांनी केली, तेव्हा दस्तऐवजावाचून इतिहास लिहावयाचा तो कशाच्या आधारे, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. परंतु वाशीम जिल्ह्यातील आम्हा मोटारसायकलस्वारांच्या या मंडळाने कागद जपले नसले तरी मुक्काम जपले आहेत. कोणत्या गावी थांबलो, कोणाच्या ओसरीवर पंगत बसली, कोणत्या पुलावर कोणाच्या गाडीची क्लचची केबल तुटली, हे सारे सभासदांना मुखोद्गत आहे. या मुक्कामांची रुजुवात घातली की मंडळाची बखर आपोआप सिद्ध होते. म्हणून प्रस्तुत हकीकत वर्षांच्या अनुक्रमाने न लावता गावांच्या अनुक्रमाने लावली आहे.

मोटारसायकल चालविणाऱ्यांनी एकत्र येऊन मंडळ काढावे ही कल्पना त्या यंत्राहून फारशी तरुण नाही. लंडनमध्ये १९०१ साली ‘मोटर सायकलिंग क्लब’ निघाला. १९०४ मध्ये निरनिराळ्या देशांतील अशा क्लबांनी पॅरिस येथे आपला आंतरराष्ट्रीय संघ उभारला. अमेरिकेतील स्वारांची राष्ट्रीय संघटना १९२४ ची. आपल्याकडे मुंबईस १९१९ मध्ये ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन’ स्थापन झाली, पण तिचा भर स्वाभाविकपणे चारचाकीवाल्यांच्या सोयीवर राहिला. या सर्व संस्थांत आरंभापासून दोन प्रवाह दिसतात: एक शर्यतीचा, ज्यात यंत्राची आणि स्वाराच्या धैर्याची परीक्षा असते, आणि दुसरा सफरीचा, ज्यात सकाळी निघावे, चार गावे पाहावी, ओळखीपाळखी कराव्या आणि सायंकाळी घरी परतावे एवढाच हेतू असतो. अमेरिकेत या दुसऱ्या प्रकाराला ‘जिप्सी टूर’ असे नाव पडले. ज्या जिल्ह्यात बंजाऱ्यांची काशी आहे त्या जिल्ह्याला भटकंतीचे नाव परदेशाहून उसने आणण्याची गरज नव्हती, हे पुढे येईलच. आमचे मंडळ पहिल्यापासून या दुसऱ्या पंथाचे. शर्यतीचा विषय काही तरुण सभासदांनी अधूनमधून काढला, पण ज्येष्ठांनी तो दर वेळी चहाबरोबर गिळून टाकला.

वऱ्हाडच्या या दक्षिण भागात फटफटीचा प्रवेश सावकाश झाला. दमणी, खाचर आणि सायकल यांवर निभणाऱ्या गावांत पेट्रोलवर चालणारे दुचाकी वाहन प्रथम आले ते डॉक्टर, जिनिंगवाले, गुत्तेदार आणि ओव्हरसियर यांच्या दारी. १९५५ मध्ये मद्रास येथे एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली आणि तिची ‘बुलेट’ हळूहळू लष्कराबाहेर दिसू लागली. १९६१ मध्ये इराणी कुटुंबाने म्हैसूर येथे ‘आयडियल जावा’चा कारखाना सुरू केला आणि चेकोस्लोव्हाकियाच्या आराखड्यावरची जावा, पुढे येझदी, आपल्या रस्त्यांवर धावू लागली. किक मारण्याचा आणि गिअर टाकण्याचा दांडा जावाला एकच असे, त्यामुळे ती सुरू करणे ही एक स्वतंत्र विद्या होती. बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी, म्हणून एका गाडीचा सराव झालेला मनुष्य दुसरीवर बसला की पहिल्या चौकातच त्याची फजिती ठरलेली. राजदूत मात्र खेड्यांची लाडकी झाली, कारण दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन अडकवून आणि मागे एक पाहुणा बसवूनही ती कुरकुर न करता पांदीतून जाई. या बहुतेक दोन-स्ट्रोक गाड्यांच्या पेट्रोलमध्ये ऑईल मोजून मिसळावे लागे. १९८५ मध्ये हिरो होंडाची चार-स्ट्रोक सी. डी. १०० आली आणि हे मिश्रण, ती निळसर धुराची रेघ आणि दर आठवड्यास प्लग घासण्याचा परिपाठ यांना उतरती कळा लागली. त्यानंतरच मोटारसायकल ही शेतकऱ्याच्या घरची वस्तू झाली. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला तेव्हा त्याची खंत करणारे आमच्याकडे थोडेच होते, पण होते, आणि मंडळाचे बीज त्यांच्यातच आहे.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा हे सहा तालुके वेगळे काढून वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. ‘नवा जिल्हा’ असे सारे म्हणाले, पण जुन्या दप्तरात पाहणाऱ्यास ठाऊक आहे की इंग्रजी अंमलातही येथे ‘बासिम’ नावाचा जिल्हा होता आणि १९०५ च्या फेररचनेत तो मोडला होता. तेव्हा १९९८ मध्ये जे घडले ते खरे पाहता पुनःस्थापन होय. नव्या परिवहन कचेरीतून गाड्यांच्या पाट्यांवर ‘एमएच ३७’ हा क्रमांक उमटू लागला, आणि ज्यांच्या जुन्या गाड्यांवर अकोल्याचा ३० आकडा राहिला त्यांनी तो कुलीनतेच्या खुणेसारखा मिरविला. वाशीम शहरातील एका मिस्तरीच्या टपरीपुढे अशी मंडळी सायंकाळी जमत. मास्तर, अडत्या, औषधविक्रेता, वीज मंडळाचा लाइनमन, सेवानिवृत्त तलाठी, असा तो बारभाईचा मेळा. कार्बोरेटर उघडलेला असताना माणसे उगीच उभी राहत नाहीत, बोलतात. आणि बोलता बोलता एका रविवारी सर्वांनी मिळून कारंज्यास जाऊन यावे असे ठरले. संस्थापना म्हणावी ती एवढीच. तेथे भाषण झाले नाही, नारळ फुटला तो मिस्तरीच्या आग्रहास्तव आणि तोही गाडीच्या चाकाखाली.

नियम लिहिले गेले नाहीत तरी शिरस्ता पक्का झाला. पुढे जो चालतो त्यास मंडळात ‘नायक’ म्हणतात. सर्वांत मागे हत्यारांची पिशवी, जादा ट्यूब, केबली आणि प्लग घेऊन मिस्तरी. या दोघांच्या मध्ये कोणी कोणास मागे टाकीत नाही, आणि गाड्या रस्त्याच्या डाव्या अंगाने एकाआड एक अशा तिरप्या रांगेत चालतात, जेणेकरून पुढच्याने अकस्मात ब्रेक दाबला तरी मागच्यास वाट राहते. फाटा आला की नायकामागचा स्वार तेथे उभा राहतो, सगळी रांग वळवून देतो आणि शेवटी मिस्तरीच्या पुढे येऊन मिळतो. या एका युक्तीमुळे आजवर कोणी चुकून वेगळ्याच तालुक्यात पोहोचला नाही. वेग ठरवितो तो सर्वांत म्हातारी गाडी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालकामागे एकच मनुष्य आणि डोक्यास शिरस्त्राण असा दंडक घातला आहे. त्याची अंमलबजावणी सरकार करो वा न करो, मंडळ करते. सायलेन्सरची आतली जाळी काढून गावभर गडगडाट करणाऱ्यास मात्र फेरीत प्रवेश नाही. याबाबत प्रस्तुत लेखकाचे मत अधिक कठोर आहे: जो गावात शिरताना गावाचे कान बधिर करतो त्याने त्या गावच्या पंगतीत बसण्याची अपेक्षा ठेवू नये.

फेरीचा काळ ठरण्यासही कारण घडले. पावसाळ्यात काळी माती टायर आणि मडगार्ड यांच्या मध्ये अशी ठासून बसते की चाक फिरेनासे होते आणि काडीने माती उकरीत बसण्यात दुपार जाते. आश्विनात सोयाबीन निघते आणि मळणीनंतर कित्येक ठिकाणी ते डांबरी रस्त्यावरच वाळत घातले जाते. दाण्यांच्या त्या गालिच्यावर दुचाकीचे चाक गेले तर स्वाराची गती काय होते हे सांगणे नको, शिवाय दुसऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांवरून चाक नेणे हेही प्रशस्त नाही. म्हणून तुरीला शेंगा धरून हरभरा फुलावर येतो त्या सुमारास, मार्गशीर्ष-पौषातील एखादा रविवार धरण्याची वहिवाट पडली. मार्ग दोन: एक पूर्वेची फेरी आणि एक पश्चिमेची, आळीपाळीने.

निघण्यापूर्वी वाशीमच्या बालाजी मंदिरापाशी सर्व गाड्या गोळा होतात. नागपूरकर भोसल्यांच्या पदरी असलेल्या भवानी काळू यांनी अठराव्या शतकात बांधलेले हे देवालय शहराचे हृदयस्थान आहे. पण वाशीमचे वय त्याहून पुष्कळच मोठे. वत्सगुल्म या नावाने हे नगर वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. १९३९ मध्ये विंध्यशक्ती द्वितीयाचा ताम्रपट येथे उपलब्ध झाला तेव्हा त्या शाखेचा इतिहास अभ्यासकांना नव्याने मांडावा लागला. याच शाखेच्या हरिषेणाच्या प्रधानाने, वराहदेवाने, अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्मात लावून दिला आहे, ही गोष्ट मंडळातील मास्तर प्रत्येक फेरीत नव्या सभासदांस सांगतात, आणि नवे सभासद ती हेल्मेट घालून ऐकतात. शहराच्या दक्षिणेस हिस्से बोराळा येथे शके ३८० चा, म्हणजे इसवी सन ४५८ चा, देवसेन वाकाटकाच्या काळचा शिलालेख सापडला. सुदर्शन नावाचा तलाव बांधल्याची नोंद त्यात आहे. पंधराशे वर्षांपूर्वी ज्या मुलखात पाणी अडविण्याची गोष्ट दगडावर कोरून ठेवण्याजोगी वाटली, त्याच मुलखातून उन्हाळ्यात टँकर धावताना पाहिले की तो लेख वाचणाऱ्यास थोडे ओशाळल्यासारखे होते.

पूर्वेच्या फेरीत पहिला थांबा मंगरूळपीर. दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे गावाच्या नावास ‘पीर’ जोडले गेले. येथे थांबा चहापुरता. परंतु दर्ग्याच्या वाटेवरील दुकानदार आता मंडळास ओळखतात आणि “या भाऊ, यंदा एक गाडी कमी दिसते” असे म्हणून हजेरी घेतात. अशी हजेरी घेणारा गावोगाव एक तरी मनुष्य असावा, हे मंडळाचे खरे भांडवल. पुष्कळदा सभासदाच्या आजारपणाची वार्ता वाशीमला कळण्यापूर्वी मंगरूळपिरास कळलेली असते.

तेथून कारंजा, आणि कारंज्यास थांबा मोठा, कारण त्या गावास चार तासही अपुरे. लाडांचे कारंजे म्हणून प्रसिद्ध असलेले हे व्यापारी नगर एके काळी तटबंदीने वेढलेले होते. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस ही तिच्या दरवाजांची नावे पाहिली की एकेका दिशेने कोठे जावयाचे याचा फलक जुन्या नगररचनाकारांनी दगडातच लावून ठेवला होता असे वाटते. श्रीनृसिंहसरस्वतींचे हे जन्मस्थान. बालपणीच घर सोडून काशीस गेलेले आणि पुढे औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर अशी पावले उमटविणारे ते यतिश्रेष्ठ. दत्तभक्तांचा ओघ येथे बाराही महिने चालू असतो. त्याच गावी जैनांच्या काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण यांची प्राचीन मंदिरे आहेत, आणि त्यांच्या भांडारांत ताडपत्रे व हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेली होती. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकविणारे डॉ. हिरालाल जैन यांनी त्या पोथ्या धुंडाळल्या आणि ‘पाहुडदोहा’, ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’ असे अपभ्रंश ग्रंथ १९३० नंतरच्या दशकात कारंजा ग्रंथमालेतून संपादित करून प्रसिद्ध केले. मराठी भाषेच्या पूर्वपीठिकेचा अभ्यास करणाऱ्यास अपभ्रंश वाङ्मयावाचून गत्यंतर नाही, आणि त्या वाङ्मयाचा एक मोठा ठेवा वऱ्हाडातल्या या बाजारपेठेत सुखरूप राहिला, ही गोष्ट खुद्द वऱ्हाडात पुरेशी सांगितली जात नाही, असे या लेखकास वाटते. १९१८ मध्ये स्थापन झालेला महावीर ब्रह्मचर्याश्रम याच परंपरेतला.

एवढे ज्ञान पचविल्यावर तरुण मंडळींचे लक्ष कस्तुरीच्या हवेलीकडे वळते. दंतकथा अशी की परगावच्या व्यापाऱ्याने उंटांवर लादून आणलेली कस्तुरी येथील लेकुरसंघई नावाच्या सावकाराने सगळीच्या सगळी विकत घेऊन घराच्या चुन्यात कालविली, आणि मोबदला अकबरी नाण्यांत दिला. दंतकथेची शहानिशा करण्याचे कारण नाही. ज्या गावच्या सावकारांविषयी अशी कथा रचली जाते त्या गावाची पत काय असेल, एवढे तिच्यावरून कळते.

कारंज्याचे स्टेशन हा जुन्या सभासदांचा हळवा कोपरा. मुर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी अरुंद मापाची ‘शकुंतला’, किलिक निक्सन या विलायती कंपनीच्या कारभारात सुरू झालेली आणि कापूस वाहण्यासाठी मुख्यतः उपयोगी पडलेली, येथूनच जात असे. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. रुळांना समांतर अशा वाटेने फटफटी नेऊन शकुंतलेशी बरोबरी करणे हा एके काळचा खेळ होता, आणि त्यात फटफटी हरल्याचे कोणाला आठवत नाही. आता गाडीही बंद आहे आणि खेळही. हा तेवढा एकच शर्यतीचा प्रकार ज्येष्ठांनी खपवून घेतला होता.

भोजन मात्र गावात होत नाही. ते मानोऱ्याच्या वाटेवर एखाद्या सभासदाच्या शेतात. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची तर्रीदार भाजी, वरणावर तुपाची धार आणि तोंडी लावण्यास ठेचा, हा बेत ठरलेला. यजमान दरसाल बदलतो, आणि यजमानपण कोणाकडे जावे यावरून होणारा वाद हाच मंडळातला सर्वांत तीव्र वाद होय.

दुपार कलताना पोहरादेवी. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे देशभरातील बंजारा समाज या स्थानास आपली काशी मानतो. रामनवमीस येथे भरणारी यात्रा अवाढव्य असते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे ‘बंजारा विरासत नंगारा संग्रहालया’चे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले, इमारतीचा आकारच नंगाऱ्याचा. ज्या लमाणांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दख्खनपासून उत्तरेपर्यंत वाहतूक केली, मोगली फौजांना रसद पुरविली आणि रेल्वे आल्यावर ज्यांचा तो व्यवसाय बुडाला, त्यांच्या तांड्याची शिस्त कशी असे हे येथील वृद्ध आजही सांगतात. पुढे नायक, मागे राखण, कोणी मागे राहिला तर तांडा थांबणार. आमच्या नायकाचे नाव येथूनच आले. मंडळातील बंजारा सभासदाने ते सुचविले तेव्हा एका मास्तरांनी ‘अग्रणी’ हा पर्याय पुढे केला होता. तो सर्वानुमते नामंजूर झाला.

पश्चिमेची फेरी मालेगाव, शिरपूर, रिसोड, लोणी अशी. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती भूमीस न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा आहे. दिगंबर आणि श्वेतांबर पंथांच्या वादात १९८१ पासून ते मंदिर कुलूपबंद राहिले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०२३ मध्ये उघडले. तत्पूर्वीच्या सर्व फेऱ्यांत आम्ही झरोक्यातून दर्शन घेऊन निघालो. लोणी हे सखाराम महाराजांचे स्थान. रिसोडहून लोणारचे सरोवर जवळ, पण ते बुलढाणा जिल्ह्यात, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडावयाची नाही असा मंडळाचा अलिखित करार असल्याने त्याचा मोह टाळावा लागतो.

अलीकडच्या काळातील सर्वांत मोठी घटना मंडळाबाहेर घडली. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. मुंबईपर्यंत एकूण ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता आमच्या जिल्ह्यातून, कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव यांच्या अंगावरून जातो, आणि त्यावर दुचाकीस मनाई आहे. शेलूबाजारजवळ उभे राहिले की वरून मोटारी झपाट्याने निघून जाताना दिसतात. आरंभी सभासदांत कुरबूर झाली, एकाने अर्जही लिहावयास घेतला. परंतु त्या मार्गाने जाणाऱ्यास मंगरूळपीरचा चहा नाही, दिल्ली वेस नाही आणि रोडगेही नाहीत, हे ध्यानी आल्यावर अर्ज अपुरा राहिला. वेगवान वाहतूक वर गेल्याने खालच्या काही रस्त्यांवरील ट्रकांचा ताण कमी झाला, हा लाभ तर आयताच पदरात पडला. अकोला-वाशीम-हिंगोली हा राष्ट्रीय महामार्ग १६१ मात्र रुंद झाल्यापासून अधिक धोक्याचा वाटतो. म्हणून नायक तो शक्य तितका टाळून आतल्या रस्त्यांनी रांग नेतो.

पुण्यात २०११ मध्ये ‘बायकर्णी’ ही महिला मोटारसायकलस्वारांची संघटना स्थापन झाल्याचे वृत्त येथवर आले तेव्हा मंडळातील पुरुषांनी कौतुक केले आणि विषय संपविला. तो पुन्हा काढला एका प्राथमिक शिक्षिकेने, जी रोज आपल्या गाडीवरून शाळेस जाते. “काका, रोज खड्ड्यांतून जाते ती मी, आणि फेरीत मात्र तुम्हीच?” या तिच्या प्रश्नास कोणाजवळ उत्तर नव्हते. आता फेरीत स्त्रिया असतात, आणि फाट्यावर उभे राहण्याचे काम त्या पुरुषांहून अधिक चोख करतात. पुरुष तेथे उभे राहिले की पानटपरीकडे सरकतात.

१८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा यांखाली मंडळाची रीतसर नोंदणी करावी, शिक्का करावा, पावतीपुस्तके छापावी, अशी सूचना सेवानिवृत्त तलाठ्यांनी अनेकदा मांडली आहे. नोंदणी झाली की अध्यक्ष आले, अध्यक्ष आले की पुढे कोणी चालावे याचा तंटा आला, असे मिस्तरीचे म्हणणे. स्मरणिका छापून होईपर्यंत हा प्रश्न अनिर्णित ठेवण्यात आला आहे.

यंदाची फेरी पश्चिमेची. एकत्र जमण्याचे ठिकाण बालाजी मंदिराजवळ, वेळ सकाळी सहा. वाहन परवाना आणि विम्याचा कागद सोबत असावा, पेट्रोल आदल्या सायंकाळीच भरून ठेवावे, आणि ज्यांचा मागचा टायर गुळगुळीत झाला आहे त्यांनी तो बदलल्याशिवाय येऊ नये. मिस्तरी निघण्यापूर्वी प्रत्येक चाक हाताने पाहणार आहे. भोजनाची वर्गणी रिसोडला पोहोचल्यावर गोळा होईल. यजमान कोण, हे अद्याप ठरलेले नाही.